नऊ नंबर, रुंद चवडा

तिने अंगठ्याने बुटाचं टोक दाबून पाहिलं. कापड आत गेलं. तरी समाधान होईना, म्हणून बुटात मूठ घालून तिने तो आपल्याच नडगीवर आपटला. दुकानदाराला हसू आलं.

"ताई, बूट घालायचाय की मारायचाय?"

तीही हसली. डावी बरगडी ठणकत होती, म्हणून बेतानेच हसली.

बूट नवऱ्यासाठी होते. पांढऱ्या कॅनव्हासचे, घोट्याखालीच संपणारे साधे स्नीकर, कुठल्याही पँटवर शोभतील असे. नंबर नऊ, पण चवडा रुंद, हे तिने दोनदा सांगितलं. मग अर्धा नंबर वाढवून घ्या, दुकानदार म्हणाला, टाच सुटणार नाही, आत गादी आहे. दिवसभर घातले तरी पायात काही आहे हे आठवायचं नाही. तिला नेमकं तेच हवं होतं.

नवरा लोखंडाच्या यार्डात मुकादम होता. टोकात लोखंडी वाटी बसवलेले बूट घातल्याशिवाय तिथे कोणाला आत सोडत नसत. सकाळी फाटकाशी उभा राहून तोच एकेकाचे पाय बघायचा आणि साधे बूट दिसले की शिव्या घालून माघारी धाडायचा. त्याचे पाय कोण बघणार?

तेच बूट घालून तो घरी यायचा. दार उघडायला उशीर झाला, एवढं निमित्तही पुरायचं. केस धरून तिला खाली पाडायचा, मग लाथा. मागच्या वेळी तोंडातून रक्त आलं. त्याच जागी आणखी एक बसली तर बरगडी फुप्फुसात घुसेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

दवाखान्यात भाऊ येऊन गेला. तो त्याच यार्डात क्रेन चालवायचा. टनाची लोखंडी प्लेट चहाच्या कपावर टेकवेल आणि कपाला तडा जाणार नाही, असा त्याचा हात. नवराच हे चारचौघांत कौतुकाने सांगे. स्वभावाने मात्र मुखदुर्बळ. उशाशी बसून रडला, आणि कुठल्या पायाने मारतो तेवढं विचारून गेला, जणू त्याने काही फरक पडणार होता. असला भाऊ काय कामाचा, असं शेजारीण म्हणालीच.

नवे बूट पाहून नवरा आधी चपापला. मग लेस बांधून घरभर फिरला, आरशासमोर उभा राहिला.

"ढगावर चालल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला.

जेवताना भाकरी करपलेली निघाली. लाथ आली, ती तिच्या मांडीवर. दुखलं, पण ती आपली आपण उठू शकली. उलट त्याचाच अंगठा दुखावला होता. मग उरलेलं त्याने पट्ट्याने पुरं केलं.

सकाळी त्याने जुन्या बुटांकडे हात नेला आणि तोंड वाकडं केलं.

"नवे कामावर नको हो," ती म्हणाली. "लोक हसतील."

"कोणाची टाप आहे?"

तो नवेच घालून निघाला. कोपऱ्यावर वळेपर्यंत ती खिडकीत उभी होती. मग तिने भावाला फोन लावला. क्रेन तपासायला तो सगळ्यांच्या आधी येऊन वर चढून बसला होता.

"नवेच घालून निघालेत, दादा," ती म्हणाली. "उजवा पाय. लक्षात आहे ना?"