लिनोवरची वहिनी

"अगं, हळू! लिनो आहे तो, दगड नव्हे!" चित्रकलेच्या बाई ओरडल्या. धाकटीला कुठलं ऐकू येतंय! तिची कोरणी वहिनीच्या मानेपर्यंत पोचली होती.

विषय होता 'आमचं घर'. लिनोच्या, म्हणजे कोरून छापा काढायच्या रबरासारख्या मऊ तुकड्यावर आई, बाबा, दादा, वहिनी आणि ती स्वतः असे पाचही जण तिने काल बारीक रेघांनी छान कोरले होते. पण आज सकाळी दादा वहिनीला सायकलवर मागे बसवून तळ्याकडे गेला. आता बोला! ती जागा धाकटीची. लग्नाला महिना होत नाही, तोवर बहीण परकी? डोक्यात राख घालूनच ती वर्गात आली आणि वहिनीवर तुटून पडली. केस, खांदे, हात, पाय, सगळं कोरून फुंकरीने उडवून दिलं. दादाशेजारी वहिनीच्या आकाराचा नुसता खड्डा उरला, तेव्हा कुठे तिचा जीव थंड झाला.

"चित्रात सगळेच सारखे ठळक असले की नजर बिचारी भटकत राहते," बाई सांगत होत्या. "एकाला मान द्या. आधी तो दिसू दे, मग बाकीचे."

मान दादाचा, हे धाकटीने केव्हाच ठरवलं होतं. तिने रोलरने काळी शाई फासली, वर कागद ठेवला, चमच्याच्या पाठीने घासला आणि हळूच उचलला. अगं बाई! खोदलेल्या जागी शाई लागत नाही, हे बाईंनी कितीदा सांगितलं होतं. पण रागाला कान असतात का? आई, बाबा, दादा, सगळे बारीक रेघांचे, काळ्यात काळे. आणि मधोमध वहिनी, पांढरीशुभ्र, अंधाऱ्या खोलीत दिवा लावावा तशी!

"वा!" बाईंनी कागद उंच धरला. "नजर आधी कुठे जाते?"

"मधल्या बाईकडे!" वर्ग एका सुरात म्हणाला.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. दुसरा लिनो मागावा, तर तो संपलेला. संध्याकाळी घरची मंडळी वर्गाच्या चित्रांच्या प्रदर्शनाला आली, तर बाईंनी नेमका तोच कागद दारासमोर लावलेला.

आई-बाबा कौतुक करून पुढे गेले. "मी एवढा काळा?" म्हणत दादाही गेला. वहिनी मात्र तिथेच थांबली. नाक नाही, डोळे नाहीत, तरी तिने स्वतःला ओळखलं. धाकटीला वाटलं, आता ही दादाला सांगणार, आणि दादा कायमचा तुटणार.

"याची एक प्रत देशील?" वहिनीने डोळे पुसले. "माझ्या आईला पाठवते. ती रोज फोनवर विचारते, नवऱ्याचं सोड, बाकी कुणाला तू आपली वाटतेस का?"

आता मात्र धाकटीला राहवेना. "वहिनी, मी तुला चित्रातून काढून टाकायला गेले होते! सकाळभर तेवढंच करत होते! चुकून अशी झालीस!"

वहिनी अशी खो-खो हसली की सगळी खोली वळून पाहू लागली.

"सकाळभर? एकट्या माझ्यावर? अगं वेडाबाई, या घरात माझ्यासाठी एवढे कष्ट अजून कुणीच घेतले नव्हते!"