आतला ताप

पडद्यावरचा आकडा पुन्हा चढला. साडेअडतीस.

भूलतज्ज्ञ रेश्मा कामत यांनी ऑपरेशनच्या टेबलावरच्या हर्षिताच्या कपाळाला हात लावला. कपाळ गारच होतं. पण नाकातून अन्ननलिकेत सोडलेली बारीक तार कपाळाचं नव्हे, काळजाजवळचं तापमान सांगत होती. ती तार घालताना सर्जन बल्लाळ हसले होते. "कोपराचं हाड तर बसवायचंय. एवढा थाट कशाला?"

"सर, हात थांबवा."

"हाडावरची पट्टी बसतच आलीय. जरा दम धर की!"

"आतून एकोणचाळीस झालंय. श्वासही बिघडलाय, हातपाय लाकडासारखे झालेत. भुलीचा वायू बाधलाय हिला."

बल्लाळांनी हातातलं हत्यार खाली ठेवलं. रेश्मांनी वायू बंद केला. उताऱ्याच्या औषधाच्या बाटल्या आल्या. त्यातली भुकटी पाण्यात लवकर विरघळत नाही, म्हणून हात मोकळा असलेला प्रत्येकजण बाटल्या हलवत उभा राहिला. काखेत, जांघेत बर्फ ठेवला. आकडा चाळिसाच्या पुढे गेला. तिथे घुटमळला. मग हळूहळू उतरायला लागला. हातपाय सैल पडले. अडतीस दिसल्यावर बल्लाळ स्टुलावर बसले आणि म्हणाले, "बाई, तुझ्या तारेपुढे हात जोडले."

बाहेर हर्षिताची आई नागवेणी बसली होती. पुत्तूरहून मंगळूरला येईपर्यंत ती पोरीचा मोडलेला हात मांडीवर धरून होती. पोर वाचली, हे ऐकल्यावर ती आधी रडली, मग पदरानं तोंड पुसून रेश्मांचे हात घट्ट धरून बसली.

"दोन-तीन दिवस नजरेखाली ठेवू," रेश्मा म्हणाल्या. "एक सांगा. तुमच्या घरात ऑपरेशनच्या वेळी कुणी दगावलंय?"

नागवेणीचा चेहरा आवळला. "माझा थोरला भाऊ, जयंत. त्याला त्याच्या बायकोनं मारलं."

"म्हणजे?"

"उपाशी ठेवा म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. लीलावतीनं सकाळी दोन घास पेज भरवली. लग्नाला वर्ष नव्हतं झालं. आम्ही तिला बाराव्याला माहेरी घालवली. परत तोंड नाही बघितलं."

"जाताना त्यांचं अंग तापलं होतं?"

"तापलं होतं? अहो, भट्टी झाली होती! प्रेत ताब्यात दिलं तेव्हाही हात लाववत नव्हता."

रेश्मा तिच्या शेजारी बसल्या. "अक्का, पेजेनं अंग असं पेटत नाही. भूल बाधण्याचा हा दोष रक्तातून येतो. भावाला तेच झालं असणार. तुमच्यातही असेल. तुमच्याकडूनच पोरीत आलाय."

नागवेणीनं चुलतबहिणीला फोन लावला आणि एक नंबर मागून घेतला. मग तो फिरवला.

"वहिनी, मी नागवेणी. ठेवू नकोस. जयंतअण्णाला झालं होतं तेच आज माझ्या हर्षिताला झालं. वाचली ती. डॉक्टर म्हणतात, दोष पेजेत नव्हता गं. आमच्या रक्तात होता."

नागवेणी फोन कानाला घट्ट लावून उभी होती.

"पोरीला खायला कधी देणार, ते विचार," शेवटी लीलावती म्हणाली. "पेज करून आणते."