अंतरपाटापलीकडचं नाक

अंतरपाट दूर झाला आणि सुमंतने रीतीप्रमाणे मास्क उतरवला. नोंदणीचा कॅमेरा लगेच म्हणाला, "अनोळखी व्यक्ती. विवाह थांबवला आहे."

चंद्रपूरच्या धुळीत मास्कशिवाय घराबाहेर पडणं कधीच बंद झालं होतं. यंत्र माणसं ओळखायचं ती मास्कसकट, कपाळ-डोळ्यांवरून; उघडा चेहरा त्याच्या नोंदीतच नव्हता. होणाऱ्या नवऱ्याचं नाक इरावतीही आत्ताच पाहत होती.

"पोरगा बदलला!" तिचे मामा ओरडले.

"मामा, मीच आहे! मास्क लावून दाखवू?"

"त्याने काय कळणार? तुझ्या भावाचे डोळेही असेच आहेत!"

"वधूने ओळख पटवावी," कॅमेरा म्हणाला, "अन्यथा विवाह रद्द."

इरावतीने ते नाक वांगी निवडावीत तसं निरखलं. मग विचारलं, "आज उपास धरलायस ना?"

"कडक! पाणीसुद्धा नाही."

बोलताना त्याची डावी भुवई टुणकन वर गेली.

"हाच तो," ती कॅमेऱ्याला म्हणाली. "थाप मारली की भुवई चढते. पोहे खाऊन आलाय."

मांडव खदखदला. कॅमेऱ्याने साक्ष मान्य केली. "आता वधूने मास्क काढावा. वराने ओळखावं."

"कशाला?" सुमंत कौतुकाने म्हणाला. "भर मांडवात माझी चोरी पकडणारी दुसरी कोण असणार?"