शेवटी उरलेला गडी

मधल्या सुट्टीत पाचवीची पोरं मैदानावर दोन संघ पाडायची आणि खेळाचे सर पायरीवर चहा पीत ते बघत बसायचे. आधी दांडगे निवडले जायचे, मग दांडग्यांचे दोस्त. चष्मेवाला एक किडकिडीत मुलगा रोज शेवटी उरायचा. "तुमच्यात घ्या रे याला," म्हणत दोन्ही कॅप्टन त्याला एकमेकांच्या गळ्यात मारायचे. सरांना हसू यायचं. पोरांचं असंच चालायचं, म्हणून त्यांनी कधी तोंड घातलं नाही.

पालकसभेला त्या मुलाचे वडील आले. तसाच चष्मा, तसंच अंग चोरून उभं राहणं.

"ओळखलंस का रे? पाचवीला एका वर्गात होतो आपण. कॅप्टन कायम तूच असायचास."

सरांना त्या वर्गातले सगळे गडी एकेक करून आठवले, पण हा चेहरा काही केल्या आठवेना. अवघडून ते म्हणाले, "मुलगा गुणी आहे हो तुमचा. खेळात छान रमतो."

"हो ना. रोज घरी येऊन सांगतो, आज पण सगळ्यात आधी मलाच निवडलं."

सरांचा जीव भांड्यात पडला. वडील जायला निघाले, दारात थांबले आणि शांतपणे म्हणाले,



"मीही तेव्हा आईला रोज हेच सांगायचो."