गाळलेली ओळ

इंद्रलोक वसाहतीतल्या एका सोसायटीच्या वाचनकट्ट्याची पद्धत फार सोयीची होती. पुस्तक गुणवंतसरांनी वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ऑफिसातून दमून येणाऱ्यांना जाडजूड कादंबऱ्या वाचायला वेळ कुठाय? सर सांगतील ती कादंबरी.

या रविवारी जगभर गाजलेली, मध्ये बंदीही आलेली एक कादंबरी होती. पन्नाशीचा डॉक्टर आणि त्याच्या आश्रयाला आलेली तेरा वर्षांची पोर. सगळी हकीकत डॉक्टरच सांगतो. "काय भाषा, काय प्रेम," सर म्हणाले. "आणि पोरगीही साधी नाही बरं. तीच त्याला नादी लावते." यावर चक्क दोन माणसं हसली.

नीलम हसली नाही. तिनं ते पुस्तक आणून स्वतः वाचलं होतं, बँकेत, डबा खाता खाता.

"सर, एक ओळ गाळलीत तुम्ही. ती मुलगी रात्री दाराला आतून खुर्ची लावून झोपते. डॉक्टरनंच लिहिलंय."

"किरकोळ आहे हो ते. लिटरेचर असं वाचायचं नसतं."

"किरकोळ कसं? त्याचं सगळं सांगितलंत. तिचं एवढंच होतं, तेही खाल्लंत."

सरांना ते झोंबलं. त्यांनी दाराकडे बोट केलं. तिथे नीलमची रुचिता उभी होती. आठवीतली, सरांच्या घरी इंग्रजी शिकायला जाणारी.

"पुस्तकं राहू द्या, नीलमताई. आधी मुलीला वळण लावा. बघा, इथंही पायात चपला. माझ्या घरात येऊन तेच. सांगून सांगून थकलो."

हे गाऱ्हाणं सरांनी आधीही केलं होतं. आणि नीलमनं काय केलं, तर पोरीलाच झापलं. एवढे शिकलेले सर, ते उगाच कशाला सांगतील? पोरीला मात्र तिनं एकदाही विचारलं नव्हतं. आता तिला सरांचा आला त्याहून जास्त स्वतःचा राग आला.

"रुचिता, सरांकडे चपला का गं काढत नाहीस?"

सगळे वळून बघायला लागले.

"अहो, ती काय सांगणार," सर घाईनं म्हणाले, "मी सांगतो ना."

"तुम्ही गप्प बसा. ती सांगेल."

रुचितानं दाराबाहेर काढून ठेवलेल्या सगळ्यांच्या चपलांकडे पाहिलं.

"पटकन पळता यावं म्हणून."