समोरची फाइल

कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपाइलरचं टार्गेट बदलून अर्पितानं प्रोग्राम असा तयार केला होता, की तो कुठल्याही कंप्युटरवर चालावा, पण परवानगी दिलेल्या फोल्डरबाहेर त्यानं कशालाही हात लावू नये. आज जालना एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत तो सुरू झाला आणि लगेच अडला. हसनाबादला सासरी, बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलेल्या अर्पिताला कंपनीतल्या हरिओमचा फोन आला.

"मॅडम, फाइल तर समोरच दिसून राह्यली. मंग हा प्रोग्राम फाइल न्हाई कामून म्हणतो?"

"त्या फोल्डरची परवानगी द्यायची राहिली, भाऊ. परवानगी नसली की त्याच्यासाठी ती फाइल नसतेच."

"मंग सगळंच मोकळं करून टाका ना."

"नको. लागतं तेवढंच उघडायचं. इथूनच त्या फोल्डरच्या परवानगीची एक ओळ वाढवते, थांबा."

तिनं ओळ वाढवली. "चाललं, मॅडम! बराबर चाललं!" हरिओम ओरडला.

एवढ्यात आतून तिच्या लेकीचं, छकुलीचं रडणं ऐकू आलं. सकाळपासून पोरीचं अंग तापलेलं होतं. अर्पिता फोन हातात धरूनच धावली, तशा सासूबाई दारात आडव्या आल्या.

"आत येऊ नको. घरात घट बसलेत अन् तुला पाळी आलेली. मी हाय ना तिच्यापाशी. तू बिलकुल शिवू नको तिला."

अर्पिताचा पाय उंबऱ्याच्या अलीकडंच थांबला. गोधडीवर बसून छकुली तिच्याकडं दोन्ही हात पसरत होती.


समोरच तर दिसत होती.