सातवी जागा

सैन्यातले निवृत्त हवालदार नाथाजी आमच्या माधवनगरच्या गिरणीची सर्व्हर रूम सांभाळतात. एका मशीनवरचे सहा व्हर्च्युअल सर्व्हर त्यांनी नेटवर्क स्विचला जोडले आणि त्यांना बर्फात गाडल्या गेलेल्या आपल्या सहा सोबत्यांची नावं दिली. रोज सकाळी ते प्रत्येकाला पिंगची हाक मारतात, उत्तर आलं की स्वतःच कडक आवाजात म्हणतात, "हजर!" मला हसू येतं.

स्विचवर त्यांनी सातवी जागाही आखून ठेवलीय, पण तिथं सर्व्हरच नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं अनीश, ती माझी हाय."

आज दहा वाजले तरी नाथाजी आले नाहीत, फोनही उचलेनात. शेवटी हजेरी मीच घेतली.



सात उत्तरं आली.